वेण्यांवर पडलेलं हळदीकुंकू

माझ्या मुलीचे केस कुरळे आहेत. लोक कौतुकाने म्हणतात तसे लाटालाटांचे नाहीत. एक बट ओढून धरली तर कोपरापर्यंत येते आणि सोडली की कानाशी जाऊन बसते. असे केस माझ्या माहेरी कुणाचे नाहीत आणि सासरीही नाहीत. ती तान्ही होती तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "कुणावर गेली गं ही?" पुढची वीस वर्षं त्यांनी हा प्रश्न सोडला नाही.

शाळेत दोन घट्ट वेण्यांचा नियम होता. आम्ही केजला राहतो आणि आमच्या बोअरचं पाणी जड आहे. बादलीला आतून पांढरा थर धरतो, डोक्याला साबणाचा फेस येत नाही. त्या पाण्याने धुतलेले केस वाळले की मुळापासून खाली ओढून विंचरायचे आणि करकचून बांधायचे, असं सगळ्यांच्याच घरी चालायचं. बारावीपर्यंत तिच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस विरळ झाले होते.

बी.एस्सी. झाल्यावर ती बँकेच्या परीक्षांच्या तयारीसाठी घरी होती. तेव्हा तिने कुठून कुठून वाचून काढलं की असे केस रोज विंचरायचे नसतात. डोक्याचे छोटे छोटे भाग पाडून बारीक वेण्या घालायच्या आणि त्या काही आठवडे तशाच ठेवायच्या. झोपताना सॅटिनचा कपडा गुंडाळायचा, म्हणजे केस घासून तुटत नाहीत.

"किती आठवडे?" मी विचारलं.

"सहा. जास्तीत जास्त."

"सहाच का?"

"रोज थोडे केस गळतात ना मम्मी, ते वेणीतच अडकून राहतात. जास्त दिवस ठेवलं तर त्यांचाच गुंता होतो आणि मग सुटत नाही."

मी आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. ज्या गोष्टीला मर्यादा आहे आणि मर्यादेला कारण आहे, ती मला पटते. मी म्हणाले, शोधू कुणीतरी.

केजला बस स्टँडमागच्या बोळात एक पार्लर आहे. तिथल्या बाईंनी मुलीची बट दोन बोटांत धरून वर उचलली, मेलेल्या उंदराचं शेपूट उचलावं तशी. "ताई, ह्ये स्ट्रेट करून टाकू. एका दिवसात पोरगी वळखू यायची न्हाई."

"मला ती ओळखू यायला पाहिजे," मी म्हणाले आणि आम्ही निघालो.

त्यानंतर मी माझी एक पद्धत ठरवली. कानामागची एकच बट विंचरायला द्यायची, आणि नंतर कंगव्यात किती केस आले ते बघायचं. बोलण्यात कुणीही हुशार असतं, कंगवा खोटं बोलत नाही.

बीडला काचेच्या दाराचं एक मोठं सलून होतं. तिथला मुलगा पुण्याला शिकून आलेला, भिंतीवर तीन सर्टिफिकिटं. त्याने केस कोरडेच धरले आणि मुळापासून कंगवा खाली ओढला. मुलीचे डोळे भरले. कंगव्यात झुपका आला.

"हे डेड केस आहेत मॅडम, ते जाणारच."

मी तो झुपका पांढऱ्या टॉवेलवर पसरला. आपोआप गळलेल्या केसाच्या मुळाशी बारीक पांढरा ठिपका असतो. यातल्या बहुतेकांना तो नव्हता. "हे गळलेले नाहीत, तुटलेले आहेत," मी म्हणाले.

"मॅडम, तुम्ही सायन्सच्या टीचर का?"

"गणिताच्या."

मुलगी बाहेर येऊन रस्त्यावरच हसत सुटली. चिडायचं सोडून हसली, म्हणून मलाही बरं वाटलं.

तिसऱ्या ठिकाणच्या बाई तिशीतल्या होत्या. बीडलाच, औषधाच्या दुकानावर एका खोलीत त्यांचं पार्लर. हैदराबादला मावशीकडे राहून त्या हे काम शिकल्या होत्या. त्यांनी आधी बट ओली केली. वरचा भाग मुठीत पकडला, म्हणजे ओढ डोक्याला लागू नये, आणि टोकाकडून विंचरायला सुरुवात केली. कंगव्यात चार केस आले. वेणी किती घट्ट घालायची ते कसं ठरवता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "वेणी घातली की भुवई हलवायला सांगते. भुवई ताणल्यासारखी वाटली तर उसवते आन् परत घालते." मग त्यांनी उलट मला विचारलं, घरी पाणी कसलं आहे, तेल किती लावता. आठवड्याला डोक्याची कातडी धुवायचीच, तेल मात्र थेंबभर, असं सांगितलं. "आन् सहा आठवड्यांनी सोडवायला माझ्याकडंच या. घालायला लागतो त्याच्यापेक्षा सोडवायला जास्त वेळ लागतो. घरी घाई केली की लोक कात्री घेतात."

मी त्यांना पसंत केलं. मला वाटलं, विचारण्यासारखं सगळं विचारून झालं.

वेण्या घालायला जवळजवळ सगळा दिवस गेला. परत येताना एसटीच्या खिडकीत मुलगी स्वतःला बघत होती आणि मधूनच मान हलवून वेण्यांचा आवाज ऐकत होती. त्यांना आवाज तो काय असणार, पण तिला येत होता. कपाळाचे विरळ कोपरे पहिल्यांदाच तिने झाकले नव्हते.

ते नवरात्राच्या आदल्या आठवड्यातले दिवस होते. अष्टमीला आम्ही नेहमीप्रमाणे सासरी गेलो. गाव नांदूरघाटच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. तिथे माझे भाया, म्हणजे यांचे थोरले भाऊ, जमीन बघतात आणि त्याहून जास्त राजकारण बघतात. त्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि पॅनल त्यांचं होतं.

उंबऱ्यातच जाऊबाईंनी मुलीला बघितलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. "अगं माय! पोरीला जट आली की!"

आमच्या भागात बाईच्या केसांचा कायमचा गुंता झाला की त्याला जट म्हणतात आणि ती देवीने दिली असं धरतात. तिला फणी लावायची नाही, पाणी लावायचं नाही, कात्री तर लावायचीच नाही. हळदीकुंकू वाहायचं. कितीतरी बाया तिचं ओझं मानेवर घेऊन मरेपर्यंत जगतात.

"जट नाही जाऊबाई. वेण्या आहेत. बीडला घातल्या."

"बीडला घातल्या म्हणं! इतक्या बारीक वेण्या मान्साच्या हातानं व्हतेत व्हय?"

"माणसाच्याच हाताने झाल्या. मी समोर बसले होते."

"मास्तरीणबाई, तुमचं लई झालं गणित. आज अष्टमी हाय, ध्यानात हाय का?"

शेजारची एक म्हातारी ताट घेऊन आली आणि मुलीच्या डोक्यावर हळदीकुंकू टाकलं. मुलीला हसू आवरेना. "मम्मी, यांना सांग ना," ती म्हणाली. मग दुसरी आली, तिसरी आली. दुपारपर्यंत तांड्यावरच्या आणि वस्तीवरच्या बाया यायला लागल्या. दसरा झाला की त्या ऊसतोडीला जाणार होत्या, बऱ्याच जणींची बोचकी बांधून झाली होती. त्यातल्या एकीने मुलीचे पाय धरले आणि सोडेचना. "माय, औंदा समद्यास्नी माघारी आण. मागल्या साली लेकरू ट्रॅक्टरखाली गेलं माझं."

मुलीचं हसणं तिथेच थांबलं. तिने पाय मागे घेतले नाहीत. घरी परत येताना ती एवढंच म्हणाली, "त्या बाईला मी कसं सांगू, की ह्या पार्लरमधल्या आहेत?"

भाया दिवसभर ओट्यावर बसून बघत होते. पुढच्या मंगळवारी सकाळी त्यांची जीप आमच्या दारात उभी राहिली.

"आरतीपुरतंच," ड्रायव्हर म्हणाला. हे म्हणाले, "जाऊन येऊ दे, दादाचा शब्द मोडायचा कशाला?" मी मुलीकडे बघितलं. तिला ट्रॅक्टरवाल्या बाईची आठवण होती. ती गेली. मग शुक्रवारी जीप आली. मग परत मंगळवारी. गावातल्या देवळात तिला पाटावर बसवायचे. दर्शन झालं की बायांना मंडपात चहा मिळायचा आणि चहाबरोबर पॅनलचं पत्रक. भाया हात जोडून प्रत्येकीला म्हणायचे, "आमच्याच घरात आली हो देवी. ही आमच्या धाकट्याची." वीस वर्षं ज्या केसांवरून माझ्या माहेरची चौकशी झाली, ते आता त्यांच्या घराण्याचे झाले होते.

पहिल्या फेरीनंतर मी तिचं डोकं धुतलं. पुढच्या वेळी जाऊबाईंनी वेण्यांचा वास घेतला आणि यांना फोन केला. "शांपूचा वास येतोय पोरीला. हळद उतरवली तुमच्या बायकूनं. निवडणूक तोंडावर आन् हिला पोरगी धुवायचं सुचतंय." हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. त्यानंतर मुलीनेच मला धुऊ दिलं नाही. "पप्पा जेवत नाहीत नीट," ती म्हणाली. प्रत्येक फेरीत नवी हळद, नवं कुंकू, आणि वर पळीभर गोडेतेल. ते सगळं मुळाशी बसत होतं. रात्री उशीवर सॅटिनचा कपडा पिवळा व्हायचा.

सहा आठवडे भरले त्या दिवशी मी तिला घेऊन बीडला गेले. पार्लरवाल्या बाईंनी आम्हाला दारातच बघितलं. त्यांनी खुर्ची पुढे केली नाही.

"ताई, मी व्हिडिओ बघितला," त्या म्हणाल्या. भायांच्या पोरांनी देवळातला व्हिडिओ सगळीकडे फिरवला होता, मागे ढोल लावून.

"बरं झालं. मग तुम्हाला माहीतच आहे, काय काय लावलंय ते. आज सोडवून घेऊ."

"मी न्हाई लावणार हात."

मला वाटलं पैशांचं असेल. म्हटलं, मेहनत जास्त आहे, जास्त देते.

"पैशाचं न्हाई ताई. मला ठावं हाय, मीच घातलेल्या वेण्या हायत त्या. ह्या बोटांनी घातल्यात. पण आता त्याच्यावर हळदीकुंकू पडलंय."

"म्हणून काय त्या दुसऱ्या कुणाच्या झाल्या का?"

"माझं लेकरू लहान हाय ताई. उद्या त्याला ताप आला तर मी कुणाला विचारू, कावून आला म्हणून?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला बोलू नका. तुमी दुसरीकडं बघा."

हैदराबादचं शिक्षण, ओला कंगवा, भुवईची परीक्षा, सगळं खरं होतं. मी त्यांना दहा प्रश्न विचारले होते आणि दहाही उत्तरं बरोबर आली होती. अकरावा प्रश्न मला सुचायला हवा होता असं कुणी म्हणेल. मी नाही म्हणत. पार्लरमध्ये जाऊन असलं काही विचारावं लागतं, याचीच मला चीड येते.

काचेच्या सलूनमधला मुलगा बट बघून म्हणाला, "मॅडम, रिस्क आहे." कुठली रिस्क ते त्याने सांगितलं नाही. केजच्या पार्लरवाल्या बाईंनी आम्हाला बघून पडदा ओढून घेतला.

जट सोडवून देणारी कार्यकर्ती मंडळी असतात, हे मला माहीत होतं. त्यांना फोन करू का, असं मी यांना विचारलं.

"ते फोटो काढतेत. पेपरात येतं. दादाचं इलेक्शन असताना?"

"मग मी सोडवते."

"अगं, तीनेक आठवडे राहिलेत मतदानाला. तेवढ्यानं काय बिघडतंय? सहाचे आठ झाले, नऊ झाले."

मी यांना सगळं समजावून सांगितलं. रोज किती केस गळतात, ते कुठे अडकतात, तेल आणि हळद त्यात कशी बसते. आठवीच्या पोराला समजेल असं सांगितलं. हे ऐकत होते, मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मतदान होऊ दे फक्त." यांना समजलं नसतं तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

मंगळवार गेला, शुक्रवार गेला, पुन्हा मंगळवार आणि शुक्रवार गेला. मुलगी मान एका बाजूला धरून अभ्यासाला बसायला लागली. "आत काहीतरी ओढतंय," म्हणायची. मतदान आठवड्यावर आलं तेव्हा रविवारी सकाळी ती पाण्याची बादली, कंडिशनरची बाटली आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन गच्चीवर आली आणि माझ्यापुढे पाठ करून बसली.

"सोडव."

"पप्पांना विचारलंस?"

"केस पप्पांचे आहेत का?"

हे खाली होते. आम्हाला गच्चीवर बघून यांनी मोटारसायकल काढली आणि निघून गेले.

वेण्यांची टोकं सहज सुटली. मधला भागही सुटला, पेड मोकळे झाले की आतला केस चांगला लांब आणि चिवट निघत होता. म्हणजे वेण्यांनी त्यांचं काम केलं होतं. कपाळाच्या कोपऱ्यांत नवे केसही आले होते, मी बोट लावून बघितले. मुळाशी मात्र हाताला लागलं ते केसांसारखं नव्हतं. गळलेले केस, हळद, कुंकू आणि तेल यांची मिळून वाळलेल्या पेंडीसारखी ढेप झाली होती. पुढच्या आणि वरच्या वेण्या मी भिजवून भिजवून एकेक केस काढत सोडवल्या. मानेवरच्या आणि कानामागच्या सुटेनात. जोर केला की कातडी वर यायची. ऊन डोक्यावर आलं, बादली तीनदा बदलली. मुलगी एकदाही "ओढू नको" म्हणाली नाही.

"मम्मी," ती म्हणाली, "काप."

मी कापल्या. अगदी मुळाशी कापाव्या लागल्या. मागच्या बाजूला तळहाताएवढी जागा उघडी पडली, खाली कातडी लाल झालेली. कापलेली एक वेणी तिने मागून घेतली आणि मुळाकडची गाठ अंगठ्याने दाबून बघितली. दगडासारखी झाली होती ती.

"आता झाली बघ खरी जट," ती म्हणाली.

त्या कापलेल्या वेण्या मी पिशवीत घालून घंटागाडीसाठी दाराशी ठेवल्या. तिला न्हाऊ घातलं, जेवायला वाढलं. संध्याकाळी बघते तर पिशवी नाही. घंटागाडी रविवारी येत नाही. यांना विचारलं.

"दादानं माणूस पाठवला होता."

"त्यांना कसं कळलं?"

यांनी मोटारसायकलची किल्ली खिळ्याला अडकवली.

"तुम्ही दिल्या?"

"तू कचऱ्यातच टाकणार होतीस ना?"

वाक्य हिशोबाला बरोबर होतं.

मतदानाच्या दिवशी तोडीला गेलेल्या माणसांना आणायला भायांनी गाड्या पाठवल्या. त्या रात्रभर चालून सकाळी पोचल्या. गाडीतून उतरलेल्या बायांना आधी देवळात नेलं, मग शाळेत. पॅनल निवडून आलं. आमच्या घरी पेढे आले. मुलीच्या डोक्याचं काय झालं, हे पेढे घेऊन आलेल्या माणसाने विचारलं नाही, भायांनी फोनवर विचारलं नाही, जाऊबाईंनीही नाही. मला वाटलं होतं भांडण होईल, शिव्याशाप होतील. मी तयारी करून बसले होते. पण त्यांना आता मुलीची गरजच उरली नव्हती.

विजयाच्या जेवणाला गेलो नसतो तर जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला असता, म्हणून गेलो. मुलीने केस मोकळे सोडले होते. पुढून दाट, मागे मानेवर उघडी जागा. "झाकत नाही मी," घरूनच म्हणाली होती. देवळात गेलो तर देवीच्या शेजारी काचेची पेटी ठेवलेली, आत लाल कापडावर तिच्या वेण्या, वर हळदीकुंकवाचा ढीग. बायांची रांग लागली होती. पेटीला हात लावायचा, हात कपाळाला लावायचा, पुढे सरकायचं. मुलगी रांगेत उभी राहिली. का ते मला कळलं नाही, मीही तिच्या मागे उभी राहिले. ज्या बाया महिनाभर तिच्या पाया पडल्या होत्या त्यातल्या किती तरी तिथे होत्या. कुणीही तिला ओळखलं नाही.

पेटीपाशी तिचा नंबर आला. पेटीजवळ बसलेल्या म्हातारीने वर बघितलं आणि हाताने खूण केली.

"पोरी, डोकं झाक आधी. देवीम्होरं असल्या झिपऱ्या सोडून उभी राहतेस, लाज न्हाई व्हय?"

मुलीने ओढणी डोक्यावर घेतली.

"घेऊ नको," मी मागून म्हणाले. "काढ ती."

"असू दे मम्मी," ती म्हणाली. "मागं रांग थांबलीय."